वीणेचा पहारा

परमेश्वराचा भार मी एकदा प्रत्यक्ष खांद्यावर वाहिला आहे. असं म्हणण्याचा अधिकार फार थोड्यांना लाभतो, आणि मला तो श्रावणातल्या एका दुपारी लाभला. तो भार भोपळ्याचा आणि लाकडाचा होता, वजनाला तीन-चार शेर असेल, आणि नंतर आठवडाभर माझी मान डावीकडे वळत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. राज्य निजामाचं, आणि मी उस्मानाबादला, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भाषेत धाराशिवला, सरकारी शाळेत मास्तर होतो. सासुरवाडी लोहाऱ्याच्या बाजूला, तेरणा नदीपासून जवळ. कानडी मुलूख तिथून लांब नाही. बाजारातली अर्धी घासाघीस कानडीत चालते. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. जमीन बेताची, बोलणं त्याहून बेताचं. वर्षभर ते शेतात वाकलेले असत आणि श्रावणातले सात दिवस मारुतीच्या देवळात ताठ उभे राहत. गावच्या सप्ताहाचे ते मुख्य विणेकरी होते. सात दिवस नाम थांबायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही, एवढाच त्या सप्ताहाचा नियम. दिवसरात्रीचे पहारे वाटून घ्यायचे, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्यानं वाकून नमस्कार करून आपल्या गळ्यात घ्यायची, भोवती टाळकऱ्यांनी उभं राहायचं. मामांच्या वडिलांनी हे सुरू केलं होतं आणि तेव्हापासून एकाही सप्ताहात वीणा मध्येच खाली आलेली नव्हती.

मला या सगळ्याबद्दल आदर होता, म्हणजे मी त्यापासून आदरानं लांब राहत असे. देवाला सात दिवस सलग हाक मारावी लागत असेल तर त्याच्या कानांविषयी शंका घ्यायला जागा आहे, असं मी एकदा बायकोला म्हणालो होतो. तिनं त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. पण खरं सांगायचं तर देवापेक्षा मला देवाच्या कार्यक्रमांचा कंटाळा होता. त्या वर्षीही पहिल्या दिवशी म्हणे गावच्या देशमुखांनी जरीचा फेटा बांधून वीणेची पूजा केली, हा नादब्रह्माचा महायज्ञ अखंड चालेल अशी ग्वाही देणारं लांबलचक भाषण केलं, आणि मग घोड्यावर बसून ते लोहाऱ्याला जेवायला गेले. ते यज्ञ संपेपर्यंत परत आले नाहीत.

यज्ञात हिवताप आला. घरटी एकदोन माणसं अंथरुणाला खिळली आणि पहाऱ्यांना माणसं पुरेनाशी झाली. बायको आधीच माहेरी गेलेली होती. तिचा निरोप आला की बाबांनाही ताप भरलाय, कोयनेल मिळेल तेवढं घेऊन या. लढाईमुळं कोयनेल, म्हणजे क्विनीन, सोन्यासारखं झालं होतं. दवाखान्यातल्या एका ओळखीच्या कंपाउंडरापुढं बराच गोडवा खर्च करून मी ती कडू औषधाची पुडी मिळवली आणि सहाव्या दिवशी दुपारी गावात पोचलो.

देवळाच्या मंडपात एका खांबाला टेकवून मामांना निजवलं होतं. अंगावर दोन घोंगड्या, दात वाजत होते, आणि नजर वीणेवर. वीणा धोंडिबा सुताराच्या गळ्यात होती. त्याच्याभोवती दोन टाळकरी, एक पखवाजवाला, बस्स. चौघांचं मिळून जे नाम चाललं होतं ते मारुतीपर्यंत पोचत असेल, पण मंडपाच्या पायरीखाली उतरत नव्हतं.

"बाबांना घरी न्या म्हणलं तर ऐकत न्हाईत," बायको हळूच म्हणाली. "वैद्यबुवा सांगून गेलेत, उठून उभं राहायचं न्हाय. काळीज दमलंय. उभं राहिले तर काय सांगता येत न्हाय म्हणाले."

मी मामांना कोयनेल दिलं. त्यांनी ते तीर्थासारखं घेतलं, तोंडही वाकडं केलं नाही. मग घोंगडीतून हात बाहेर काढून माझ्याकडं बघत म्हणाले, "जावईबापू, वीणा खाली ठेवायची पाळी आली तर म्या उठंन. तुमी मधी पडू नका."

ही धमकी होती, आणि ते ती खरी करणार याबद्दल मंडपात कोणालाही शंका नव्हती. म्हणजे हिशेब सरळ होता. उद्या सकाळी काला होऊन सप्ताह संपेपर्यंत वीणा कोणाच्या तरी गळ्यात राहिली पाहिजे, नाहीतर हे म्हातारं माणूस उभं राहणार आणि बहुधा उभं राहूनच जाणार. तेवढ्यात धोंडिबाचे गुडघे थरथरायला लागले. त्याची एक दिवसाआडची थंडी ठरलेल्या वेळी आली होती.

"मास्तर, धरा जरा," तो म्हणाला.

मी आजूबाजूला पाहिलं. दुसरा मास्तर नव्हता.

वीणा गळ्यात आली. धोंडिबानं माझ्या पायाला हात लावला, मी त्याच्या, आणि तो तिथंच मामांच्या शेजारी आडवा झाला. माझा आवाज हजेरी घेण्याच्या कामाचा आहे. त्यानं मी विठ्ठलाचं नाव घेऊ लागलो तेव्हा वर्गात गैरहजर असलेल्या मुलाला हाक मारावी तसं ते ऐकू आलं. पखवाजवाल्यानं डोळे न उघडता सांगितलं, "सूर न्हाय तरी चालंल मास्तर, ताल सोडू नका. लगीन लागलंय असं समजा, आता मागं फिरता येत न्हाय."

पहिला तास मी विचार करण्यात घालवला. हैदराबादला शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांकडं ग्रामोफोन होता आणि युरोपातल्या एका मोठ्या समूहगायनाच्या तबकड्या होत्या. शंभरेक वादक, त्यांच्यामागं शंभरेक गाणारे, आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच गजर. प्राध्यापक डोळे मिटून ऐकत, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत असे, आणि मी तबकडी उलटायची वेळ झाली का ते बघत बसे. इतक्या माणसांनी एकदम ओरडलं तर कोणालाही काहीतरी होणारच, असं माझं मत होतं. आता माझ्याजवळ वादक एक आणि गाणारे दोन होते, तेही खोकत होते. मग विचार संपले. तोंड कोरडं पडलं, पाय जड झाले. एका टाळकऱ्यानं टाळ खाली ठेवले आणि तो पाणी प्यायला गेला, तो आलाच नाही. मामांनी घोंगडी बाजूला सारायला सुरुवात केली.

तेव्हा माझ्या मागून एक आवाज उठला. बाईचा, जात्यावर बसून कमावलेला, लांब पल्ल्याचा. त्या गावात बायका पहाऱ्याला उभ्या राहत नसत. ही उभी राहिलेली नव्हती, खांबापाशी बापाचा हात धरून बसली होती आणि बसल्या जागेवरून तिनं माझ्या हातून निसटत चाललेलं नाम उचललं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आपल्या बायकोला असा आवाज आहे याचा मला पत्ता नव्हता. शेजारच्या स्वयंपाकाच्या खोपटातून आणखी दोघीतिघींनी तो धरला, भाकरी थापता थापता, त्यामुळं तिकडून तालही आला. मामांचा हात घोंगडीवर थांबला.

तेवढ्यावर आम्ही कदाचित संध्याकाळ गाठली असती. तेवढ्यात वेशीकडून ढोल ऐकू आला. तीन बैलगाड्या भरून माणसं उतरली, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात शिवलिंग, हातात मोठ्या झांजा. सगळे कानडी. पुढं एक आडव्या बांध्याचा पन्नाशीचा गृहस्थ होता, त्याला सगळे अण्णा म्हणत होते. त्यानं पायरीवर चपला काढल्या, मंडपातली परिस्थिती एकदा नजरेखालून घातली, आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "काय बुवा, एकटाच? माणसं कुठं गेलं सगळं?"

"तापानं पडलीयत," मी तालात म्हणालो, कारण थांबायची सोय नव्हती.

अण्णानं मागं वळून काहीतरी सांगितलं आणि ती माणसं माझ्याभोवती गोल उभी राहिली. त्यांनी त्यांच्या भाषेत शिवाचं नाव सुरू केलं. आमचं विठ्ठलाचं चालूच होतं. एक घटकाभर दोन बैलांनी दोन दिशांना ओढावं तसं झालं. पखवाजवाल्यानं ढोलवाल्याकडं असं पाहिलं की मला भांडणाची भीती वाटली. मग पखवाजवाल्यानं मान हलवून एक जागा मोकळी सोडली, ढोल त्या जागेत बसला, आणि दोन्ही नावं एका चालीत आली. खालून त्यांचे जाड आवाज, वर बायकांचे, मध्ये झांजा. ताप उतरणीला लागलेली माणसं घोंगड्या पांघरून घराबाहेर आली आणि पायरीवर बसून गाऊ लागली. गाणं एकदम चढलं, आणखी चढलं, आणि मला वाटलं आता याच्या वर जागा नाही, तेव्हा ते तिथून वर गेलं.

त्या वेळी काय झालं ते मी सांगू शकतो, त्याचा अर्थ सांगू शकत नाही. माझा आवाज मला ऐकू येईना. मी गातोय की नाही हे पाहण्यासाठी मी तोंड बंद केलं. काहीही फरक पडला नाही. कोणी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. इतका वेळ हे सगळं माझ्या मानेवर उभं आहे असं मी धरून चाललो होतो, आणि ते माझ्यावाचून भरधाव चाललं होतं. एरवी मला हा अपमान वाटला असता. त्या दिवशी अशी काही सुटका वाटली की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि दोन्ही हात वीणेवर असल्यामुळं ते पुसताही येईना. मग मी पुन्हा गाऊ लागलो. आता गरज म्हणून नाही, राहवलं नाही म्हणून.

याच सुमारास नाक्यावरचा पोलीस जवान आला. असल्या जमावाला सरकारी परवानगी लागत असे आणि आमची परवानगी एका गावापुरती होती. त्यानं मला ओळखलं. "मास्टरसाब, तुम भी? इत्ते लोगां कायकू जमा करे?" मी मानेनं वीणेकडं खूण केली. त्यानं माणसं मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकला, पुन्हा सुरुवात केली, आणि शेवटी नीट मोजता यावं म्हणून टोपी मांडीवर ठेवून पायरीवर बसला. तो दिवे लागेपर्यंत मोजत होता.

मामांना घाम फुटला होता. बायकोनं त्यांचं कपाळ पुसलं, वरची घोंगडी काढली. ते डोळे मिटून निपचित पडले होते. मी तारा छेडत छेडत सरकत त्यांच्याजवळ गेलो आणि वाकलो. त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"ढोल पुढं पळतोय," मामा म्हणाले. "त्याला आवरा."

हिवतापात घाम फुटला की ताप उतरतो, हे मला ठाऊक आहे. कोयनेलही पोटात गेलेलं होतं. हे दोन्ही मी बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती "व्हय" म्हणाली आणि देवाला साखर ठेवायला गेली. मीही तिच्या मागून गेलो.

दिवे लागल्यावर अण्णानं वीणा मागितली. माझी बोटं उघडेनात, ती त्यानं एकेक करून सोडवली, आणि शिवलिंग बांधलेल्या त्या माणसानं माझ्या पायाला हात लावून विठ्ठलाची वीणा गळ्यात घेतली. रात्रीचे पहारे त्याच्या माणसांनी वाटून घेतले. सकाळी काला झाला, वीणा मारुतीसमोर पाटावर ठेवली, आणि मामांनी बसूनच तिला नमस्कार केला.

त्यानंतर मी दर श्रावणात एक पहारा घेत आलो. शंका गेल्या नाहीत, पण वीणा गळ्यात असताना त्यांना बाहेर बसायला सांगतो. मदत आपण मागतो तिकडून येत नाही, आणि आली की तिला नावगाव विचारत बसू नये. आपण धरायचं तेवढं धरावं आणि बाकीचं गाणं दुसऱ्यांना म्हणू द्यावं. एवढं मला कळलं, आणि ते मानेला लचक भरून कळलं, म्हणून राहिलं. मामा पुढं पुष्कळ वर्षं जगले. त्या माणसांचे उपकार मी रोज आठवतो.

काल्याच्या पंगतीत मी अण्णाला विचारलंच, तुम्हाला आमच्या अडचणीची खबर कोणी दिली. त्यानं वरणात भात कालवता कालवता आमच्या पाटलांचं घर कोणतं ते विचारलं, कारण आमंत्रण त्यांचं होतं. त्यानं सांगितलेल्या नावाचे पाटील आमच्या गावात नव्हते. ते दीड कोसावरच्या पलीकडच्या गावात होते, आणि तिथंही सप्ताह होता. अण्णाचा घास हातात राहिला. "टाळ वाजत होतं," तो म्हणाला. "हेच गाव वाटलं." मी लगेच माणूस पाठवून तिकडं कळवू या म्हणालो, तेव्हा मामा पहिल्यांदाच माझ्यावर डाफरले. "गप जेवा जावईबापू. त्यांचाबी काला झाला असंल आता."

त्या गावानं कानडी पाहुण्यांसाठी चाळीस माणसांची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवून ठेवली होती. पुढची बारा वर्षं त्यांनी आमच्या गावात मुलगी दिली नाही.