आजोबांची टोपी कापसावर आली

मंडळी, डोकं चालेना झालंय, म्हणून तुम्हालाच विचारतो.

मराठवाडा मुक्तिदिनाला शाळेत जुने फोटो लावणार आहेत. म्हणून आज आजोबांचा फोटो फ्रेममधून काढून हिंगोलीला स्टुडिओत नेला. गावच्या कमिटीतले आजोबा आणि शेजारी त्यांचे दोस्त उस्मानभाई, दोघंही गांधी टोपीत. आजोबा निजामाविरुद्ध लढले म्हणून जन्मभर पाहुण्यांना आम्ही तो कौतुकानं दाखवला.

स्टुडिओवाल्यानं ओला कापूस फिरवला आणि आजोबांची टोपीच कापसावर आली! वरून पांढरा रंग दिलेला. खाली गोंड्याची रुमी टोपी, निजामाच्या अंमलदारांसारखी.

मोठ्या काकांना फोन लावला.

"आधी उस्मानभाईची रंगवली," काका म्हणाले. "पोलीस ॲक्शनच्या वक्ताला ते आपल्या घरी लपले व्हते. निजामाची मानसं हुडकत कोनी घरात घुसलं तर फोटो दिसंल म्हनून. मग बाबांनी सोताची बी रंगवली."

"नक्की?"

"बाबा तसंच सांगायचे. मी लेकरू व्हतो, मला काय ठाव?"

उस्मानभाईंच्या टोपीला अजून कापूस लागलेला न्हाई. रंग निघाला तर काकांचं खरं. न्हाई निघाला, तर उस्मानभाईंची गांधी टोपी खरी, आणि आजोबांनी फक्त स्वतःचीच रंगवली.

स्टुडिओवाला कापूस धरून विचारून राहिला, "पुसू का?"

काय सांगू त्याला?