ठिबकची नळी

तापलेल्या रबराचा वास आला की काकांची गाडी आठवते. ते तिचे टायरसुद्धा फडक्याने पुसायचे, बॉनेट मात्र काही बिघडल्याशिवाय उघडायचे नाहीत. ब्रेक हलका ठेवणारी व्हॅक्यूमची नळी चिरली, तेव्हा या शहाण्याने केळीच्या बागेतली ठिबकची नळी कापून बसवली. म्हणे, ‘हवाच ते वढानी शे.’ हवाच तर ओढायची, मग कुठलीही नळी चालते. तीच गाडी घेऊन आम्ही धुळ्याला माझ्यासाठी मुलगी पाहायला निघालो. इंजिन तापलं, नळी मऊ पडून चपटली, ब्रेक दगडासारखा झाला आणि आम्ही मुलीच्या दारात फाटकासकट आत शिरलो. वर काका तिच्या वडिलांवरच डाफरले, पाहुणे येणार म्हटल्यावर फाटक लावून ठेवतं का कोणी. स्थळ अर्थातच गेलं. परवा मी माझ्या गाडीच्या चिरलेल्या नळ्या बदलून घेतल्या. काका शेजारीच उभे होते. म्हणाले, ‘जुन्या फेकू नको, माले दे.’