हिंगणघाटापलीकडे बुडणारा उपग्रह

वर्ध्यात अवकाशाशी घरोबा असलेला माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी कापड विकायचा. बाकीचे लोक आकाशाकडे ढगांसाठी बघत. शेजारचे काका मात्र तिथे कुणी ओळखीचं निघेल अशा बेताने बघत. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, ठाणांच्या गठ्ठ्यांमध्ये, सरकारी परवान्याचा हौशी रेडिओ मांडलेला होता. ट्रान्समीटर त्यांनी स्वतः जोडलेला. त्यातली तार कापडाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली आणि अँटेनाच्या दांड्या कापड मोजायच्या गजाने मोजलेल्या. ती पेटी इतकी तापायची की काकू तिच्यावर विरजण लावायच्या, आणि दही फार आंबट लागलं की काका काल जास्त बोलले असं आम्ही समजायचो.

जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला एक लहानसा उपग्रह तेव्हा आमच्यावरून जात असे. इथला आवाज तो झेलायचा आणि दूरच्या देशात उतरवायचा. कसं, ते मी एकदा हळूच विचारलं. काका म्हणाले, "जातानी दोन मीटरची लाट, येतानी दहा मीटरची. म्हंजे शर्टाचं कापड द्यायचं अन् दोन साड्या घ्यायच्या. असा धंदा कोन सोडंन?"

गच्चीवर बांबूला बांधलेला अँटेना फिरवायचं काम काकूंचं. काकांनी त्यांना अंश वगैरे कधी सांगितले नाहीत. उपग्रह उगवला की खालून हाक यायची, "नागपूरकडं!" मग "गिरडाकडं घे," आणि शेवटी "हिंगनघाट." काकू एका हाताने बांबू फिरवत आणि दुसऱ्या हाताने पापडांवरचे कावळे हाकलत. एकदा त्यांनी वरून विचारलं, "गिरड म्हंजे दर्ग्याकडं का बसस्टँडाकडं?" काका खरोखरच विचारात पडले.

एवढं करून त्यांचा एकही संपर्क पुरा झालेला नव्हता. दोघांनी एकमेकांची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, ऐकलं तरच ते बोलणं धरायचं, असा नियम होता. काका आपल्या इंग्रजीत आधी जेवण झालं का विचारत, मग तब्येत, मग पाऊसपाणी. नावापर्यंत येईतो उपग्रह हिंगणघाटापलीकडे बुडालेला असे.

"आधी नाव सांगा न जी," काकू म्हणत.

"अवं, गिऱ्हाइकाले बसा म्हनायच्या आधी भाव सांगतो का मी?"

पुढे उपग्रहाच्या बॅटऱ्या थकल्या. तो एखाद्या दिवशी बोले, चार दिवस गप्प राही. तो पुरता मिटायच्या आत काकांना एक, फक्त एक पुरा संपर्क हवा होता. एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "पोरी, माही इंग्रजी त्यायले समजत नाई. तू बोलशीन का?" मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटत असे. नाही म्हणायचंही धैर्य झालं नाही, म्हणून गेले.

माइक दोन्ही हातांनी धरून मी काकांची कॉल साइन सांगितली. नुसती खरखर. पुन्हा सांगितली. मग पाण्यातून वर आल्यासारखा एक जपानी आवाज आला. त्याने आमची कॉल साइन म्हटली, आपली सांगितली. मी ती परत म्हणून दाखवली. संपर्क पुरा झाला. काकांनी मला कोपराने ढोसलं.

"आता पुस न त्याले. तिकडं दुपार झाली असंन."

मी विचारलं, जेवलात का. मग तो माणूस हसला आणि अडखळत्या इंग्रजीत सांगू लागला, "हो, आज माझ्या बायकोने..." आणि पुन्हा खरखर. गच्चीवरून काकू विचारत होत्या, "हिंगनघाट झालं जी, आता कुठं नेऊ?"

त्यानंतर उपग्रह बोलला नाही. जपानहून संपर्काची पोच देणारं कार्ड आलं, ते काकांनी उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात जेवणाचा उल्लेख नव्हता. पुढे कितीदा तरी जेवता जेवता ते थांबत. "काय केलं असंन वं तिनं त्या दिवशी?" काकू दर वेळी वेगळा पदार्थ सांगत.

आता काका नाहीत. बांबू अजून गच्चीवर आहे, हिंगणघाटाकडे तोंड करून. सुट्टीत घरी आले की मी वर जाते आणि तो नागपूरकडे वळवून ठेवते.

"काऊन फिरवून राह्यली वं?" काकू खालून विचारतात.

"असंच," मी म्हणते. उगवला तर तिकडूनच उगवेल, आणि त्या माणसाचं वाक्य अजून अर्धंच आहे.