सूचनेतून गळलेली ओळ

मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते: मी लिहिलेल्या सूचनेतली शेवटची ओळ कुठे गळली?

२०१८ साली मी डहाणूच्या न्यायालयात वकिली करत होते. गावातल्या मसोली भागात माझ्या शेजारी राहणाऱ्या काकींच्या मोबाइलवर गुजरातीत एक ऑडिओ क्लिप आली. मुले पळवणाऱ्या बायका गाठोडी घेऊन फिरतात, असे कोणी घाबऱ्या आवाजात सांगत होते.

"तलासरीकडच्या आमच्या माणसांना मराठीत लिहून दे गं," काकी म्हणाल्या.

मी पाच ओळी लिहिल्या. वकिलीच्या सवयीने वर 'सूचना' असा मथळा दिला. शेवटी लिहिले, 'याची खात्री झालेली नाही.' काकींनी तो मजकूर मोबाइलवरून पुढे पाठवला.

चौथ्या दिवशी तलासरीतल्या झरीजवळच्या एका पाड्यावरून पोलीस पाटलांचा फोन आला. एका दाव्यामुळे ते मला ओळखत. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या एका बाईंना लोकांनी अंगणवाडीच्या खोलीत कोंडले होते. पोलीस पोहोचायचे होते, जमाव वाढत होता. मी गेले तेव्हा पाटील एकटेच दार अडवून उभे होते.

"मॅडम, गाठोडं बघा केवढं! पोर मावेल त्यात," एकजण म्हणाला.

"मावेल. पण आहे का?"

"लेखी सूचना आहे की!" त्याने मोबाइल पुढे केला. मजकूर माझाच होता. शेवटची ओळ नव्हती.

"हे मी लिहिलंय. खरं की खोटं, मला ठाऊक नाही."

"मग सूचना कशाला म्हटलीस, बाई?" मागून एक म्हातारी ओरडली. मी पाटलांना दार उघडायला सांगितले.

आत त्या बाईंनीच गाठ सोडली. "बेन, आमां कपडां ज छे," यात कपडेच आहेत, असे गुजरातीत सांगत त्यांनी एकेक कपडा दारात पसरला. साड्या, शाळेचे गणवेश, फाटकी गोधडी. लोक पांगले. माफी कोणी मागितली नाही, मीही नाही.

नंतर तो मजकूर कोणाकडून आला हे विचारत मी एकेका मोबाइलवरून मागे जात रानशेत गावी काकींच्या भाचीपर्यंत पोहोचले.

"ती ओळ मीच काढली," ती सहज म्हणाली. "सूचनेखाली असं कोण लिहितं? वाटलं, चुकून राहिली."

दोष तिचा नव्हता. शंका पहिल्या ओळीत हवी होती आणि तो मथळा नकोच होता. ऑनलाइन अफवांच्या अभ्यासाकडे, पुढे तंत्रज्ञान धोरणाच्या कामाकडे मी वळले ती यानंतर.

त्या भांडीवाल्या बाईंचे म्हणणे मात्र मी कधीच नोंदवले नाही. त्या तिकडे पुन्हा फिरकल्या नाहीत, असे ऐकले. त्यामुळे हा वृत्तान्त एकतर्फी आहे. त्या दिवशी हजर असलेले लोक अजून पाड्यावरच राहतात. कृपया माझ्या शब्दावर विसंबू नका. त्यांना विचारून स्वतः खात्री करा.