डांबराचं बूच

किनाऱ्यावर कुणीतरी होडीच्या फटी बुजवायला डांबर कढवत ठेवलं आहे. त्या वासाने मी सुरूच्या बनापाशी थांबले. परवाच्या उधाणाने इथली वाळू ओढून नेली आणि मुळांत अडकलेली एक जुनी, पिवळी पडलेली प्लास्टिकची बाटली उघडी पडली. तिच्या बुचावर डांबर आहे. मी ती उचलली. मनात काही हललं नाही.

ऐंशीच्या दशकात अशा बाटल्या आमच्या दुकानांत नवलाच्याच होत्या. बोटींवरून फेकलेल्या त्या मालवणच्या किनाऱ्याला लागत आणि लोक त्या पाचोळ्याबरोबर जाळून टाकत. तो काळा धूर थेट वर्गात यायचा. वैतागून विज्ञानाच्या सरांनी आम्हा नववीच्या मुलांना सांगितलं, की जाळण्यापेक्षा बरं काहीतरी शोधून काढा. आम्ही बहुतेकांनी बाटल्या कापून त्यांत तुळशी लावल्या आणि स्वतःवरच खूश झालो. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे वडील मासेमारी करत. त्यांच्या जाळ्याला तरंगतं ठेवणारे लाकडी बोये पाणी पिऊन जड होतात, हे ती लहानपणापासून पाहत होती. तिने बाटल्यांचेच बोये केले. बुचातून पाणी शिरू नये म्हणून वर होडीचं डांबर, एक हात वाळल्यावर दुसरा. "बूच सुटला तर जाळा बुडतला गो," ती म्हणायची, आणि मी घाईने लावलेलं डांबर खरवडून पुन्हा लावायची.

वडील तिला त्या वर्षी शाळेतून काढणार होते. पोरीची हुशारी जाळ्यावर दिसली की ते नमतील, असं सरांना वाटलं. त्यांनीच आग्रह करून ते बोये वडिलांच्या गळी उतरवले. बोये हंगामभर तरंगले. मग अख्ख्या वाडीला तसेच हवे झाले. वडील सरांसाठी ताजी सुरमई घेऊन शाळेत आले, मनापासून आभार मानले आणि म्हणाले, "मास्तरांनू, पोरगी शिकली ता बरा झाला. आता घराक तिचेच हात व्हये."

शिमग्यानंतर ती वर्गात आली नाही. सरांनी बाटल्यांचा विषय पुन्हा काढला नाही. मी बाकावर ऐसपैस बसायला लागले. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. येता-जाता ती घराच्या अंगणात बोये करताना दिसायची, बोटं डांबराने काळी झालेली. ती हात हलवायची, मीही हलवायचे. पुढे बाजारात तयार बोये आले, अंगणातली डांबराची चूल थंडावली आणि तिचं लग्न होऊन ती शिरोड्याला गेली.

आता किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते इतक्या बाटल्या येतात. शाळेची मुलं पोती घेऊन त्या वेचतात. मी हातातल्या बाटलीचं बूच फिरवून पाहिलं. मग पदरात धरून सगळा जोर लावला. ते सुटलं नाही.