मेन स्विचला कुलूप

वर्षावासात माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जातात. पाऊस असो, चिखल असो, त्यांची जागा रिकामी राहत नाही. दहिवलीतलं आमचं घर विहारापासून हाकेच्या अंतरावर, पण घराच्या कडेची बोळ काळोखी. गेल्या पावसाळ्यात तिथे त्यांच्या पायाजवळून फुरसं गेलं. त्या डगमगल्या नाहीत, धास्ती आम्हीच घेतली. म्हणून यंदा पावसाआधी बाहेरच्या भिंतीला दोन दिवे लावायचं ठरलं.

"वायरमनला बोलवू या," मी म्हटलं.

नवऱ्याला तो अपमान वाटला. ते साजगावच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतात. "दोन दिव्यांना वायरमन? लोक हसतील." माझ्या मताला आमच्या घरात आमटीतल्या कढीपत्त्याइतका मान आहे. वासापुरतं घेतात, मग बाजूला काढतात.

शिळफाट्याच्या दुकानातल्या चाचांनी आधी विचारलं, "झड कुठल्या भिंतीला लागते?" मग रबराची कड असलेले, पाणी आत न जाणारे दिवे दिले. "वायर दिव्यात शिरायच्या आधी खाली झोळ देऊन पोट सोडा, म्हणजे पाणी तिथनंच गळून जाईल. आणि ही हिरवी वायर अर्थिंगची. उगाच आहे म्हणून कापून टाकू नका." आमच्या साहेबांनी हे सगळं पाळण्यातच शिकल्यासारखी मान डोलावली.

रविवारी दुपारी काम निघालं. भिंतीला भोकं पाडून झाली, दिवे बसले. आता घरापुढच्या ओट्यावरच्या स्विचबोर्डातून त्यांना लाइन द्यायची होती. नवऱ्याने मेन स्विच बंद केला आणि त्याला चक्क कुलूप घातलं. कारखान्याचा नियमच तसा. ज्याने वायरीला हात घालायचा, त्याने मेनला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसरं कोणी चुकून चालू करणार नाही. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. ते मी अर्थातच दाखवलं नाही.

ते स्टुलावर चढले, मी स्टूल धरून उभी. बोर्ड उघडला. माझ्या हातात टेस्टर होता.

"हा लावून बघा ना आधी."

"किल्ली कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडे."

"मग करंट येणार कुठून?"

त्यांनी वायरीकडे हात नेला. तेवढ्यात आतून, मालिका बघत बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला. "लाइट गेली काय रं? पंखा गुनगुनाय लागला."

"आम्हीच घालवलीय, आई!" मी ओरडले, आणि तोंड मिटायच्या आत डोक्यात आलं. लाइट घालवली, तर पंखा फिरतोय कशावर? मालिका चाललीय कशावर?

मी त्यांचा शर्ट मागून धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. साहेब स्टुलासकट गवती चहाच्या कुंडीत.

"वेड लागलं काय तुला?"

"इन्व्हर्टर!" मी किंचाळले.

आमच्याकडे लाइट इतकी जाते की इन्व्हर्टर घरातल्या माणसासारखा झालाय. तो कधी काम सुरू करतो ते कुणाच्या लक्षातही येत नाही. ओट्यावरची लाइन त्याच्यावरच होती. मी टेस्टर त्या वायरीला लावला. लाल पेटला. कुंडीत बसलेला माणूस त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला. मी रडत होते आणि रडता रडता शिव्याही देत होते. एवढ्या शिव्या मला येतात हे दोघांनाही नवीन होतं.

मग इन्व्हर्टर बंद केला, त्याच्या वायरी सोडवल्या, पुन्हा टेस्टर लावला. या वेळी त्यांनीच, आणि दोनदा. वायरीला पोट सोडलं, हिरवी वायर जागेवर जोडली. आत मालिका ऐन मोक्याला बंद पडल्यामुळे सासूबाई आमच्या नावाने खडे फोडत होत्या. आम्ही ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांचं काहीही गोड लागलं असतं.

संध्याकाळी त्या रविवारच्या वंदनेहून परतल्या तेव्हा बोळ लख्ख उजळली होती. "बेस झालं," म्हणाल्या. माझ्याच्याने राहवेना. सगळं सांगून टाकलं.

आता मुलाची चांगली हजेरी घेतील म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण त्या ओट्यावर टेकल्या, मुलाला शेजारी बसवलं आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ चोळत राहिल्या.

"ह्यो हात मी वाढवलाय रं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला नाय तर हिला ईचारल्याबिगर कुटं घालायचा नाय."

"हो," नवरा म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला नाही.