अनुभवाचा दाखला

बेलापूरच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे सारसोळ्याची एक कोळीण मावशी होती. राहत्या घरात सहा म्हाताऱ्यांसाठी वृद्धाश्रम काढायचा, म्हणून परवाना हवा होता. एकेक कागद पदराने पुसून ती टेबलावर मांडत होती, जणू पापलेटच. साहेब मोठे पारखी! नेमकं नसलेलंच मागितलं.

"वृद्धसेवेच्या अनुभवाचा दाखला?"

"अकरा वर्सं सासू खाटेवर होती, साहेब. मीच केलं सगलं."

"लेखी आहे?"

"सासू वर गेली. सही आनायला मी पन जाऊ?"

साहेब हसले नाहीत. शासन हसत नसतं.

मग तिने गोडीत विचारलं, "तुमच्या आईला कोन बघतं?"

"मिसेस."

"तिच्याकडं दाखला हाय?"

साहेबांनी शाईपेन उघडलं आणि अर्जातल्या रिकाम्या रकान्यात स्वतःच लिहिलं, 'अनुभव अकरा वर्षे.' तेवढा एक कागद मावशीने पुसला नाही.